दहा तारांचा कठडा

आदरणीय विहीणबाईंना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, तेव्हा मोजायला गेलं तर आठच बोटांचा होतो, मनातून मात्र दहाचा धरावा). आपली तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? व्याहीबुवांचा खोकला कमी झाला का, की अजून ते येण्याआधी त्यांचा खोकलाच जिना चढून येतो? आपल्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आता वर्ष होईल. आपण मागे फोनवर म्हणाला होतात की आता कोपऱ्यातली धूळसुद्धा लख्ख दिसते, त्यापेक्षा आधीचं बरं होतं, निदान झोप तरी लागायची. मी त्यावर पोट धरून हसले होते. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं या जागी लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं विचाराल तर गेले तीन आठवडे माझं चित्त थाऱ्यावर नाही. घास घशाखाली उतरत नाही, उतरला तर पचत नाही, आणि आमचे हे मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात, त्याचा आणखी वेगळा त्रास होतो.

कारण आपल्याला ठाऊकच आहे. येत्या रविवारी आपले चिरंजीव आणि माझी लेक ठकूला घेऊन इथे येणार आहेत. येणार म्हणजे तपासणीला येणार. सोमवारपासून लेक कामावर जाणार, आणि सोमवार ते शुक्रवार ठकूला कुणी सांभाळायचं, ते आमच्या मागच्या ओट्यावर उभं राहून ठरायचं आहे. (जावईबापू त्याला डेक म्हणतात. आम्ही ओटाच म्हणतो. फळ्यांचा आहे, पण बसायचं तर ओट्यावरच ना.) ओटा पास झाला तर ठकू माझ्याकडे. नापास झाला तर आपल्याकडे. आपण त्या वेळी फोनवर एवढंच म्हणालात, "आमच्याकडे काय, तळमजलाच आहे हो." साधं वाक्य. त्यात काही वावगं नाही. पण मी ते वाक्य त्या दिवसापासून भांडी घासताना, केस विंचरताना, अंथरुणावर कूस बदलताना ऐकते आहे. तळमजल्यावर राहणं हा काही पराक्रम नाही, एवढंच मला नम्रपणे म्हणायचं आहे.

आमचा ओटा आपण एकदाच पाहिलात, तोही पाहुण्यासारखा दारातून. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की ओटा. डाव्या हाताला घराची भिंत, उजव्या हाताला सामानाच्या खोलीची भिंत, आणि समोर सोळा फूट मोकळं. खाली साडेआठ फुटांवर दगडांचा उतार. पूर्वी त्या सोळा फुटांत लाकडी पट्ट्यांचा कठडा होता. तो कुजला होता. म्हणजे मी लेकीला तसं सांगितलं, की कुजलाय, बदलायला हवा, आणि लेकीने लगेच सांगितलं की बदलल्याशिवाय ठकूला तिथे ठेवणार नाही. ठीक. पण आमच्या ह्यांचा उत्साह तुम्हाला माहीत नाही. नवीन कठड्याचं सामान यायला अजून आठवडा होता, आणि ह्यांनी एका सकाळी हातोडी घेऊन जुना कठडा पुरा काढून टाकला. कुजलेला म्हणून सांगितलेला कठडा काढायला त्यांना चार तास लागले आणि एक पट्टी तर करवतीनेच कापावी लागली (त्याबद्दल ते मला दोनदा विचारत होते, मी ऐकलं न ऐकलंसं केलं). नुसते पाच खांब उभे राहिले. पुढचा आठवडाभर मागच्या दाराला आतून माझं शिलाई मशीन लावून ठेवलं होतं, न जाणो, झोपेत कुणी उघडलं तर. झोपेत चालायची सवय घरात कुणालाच नाही. पण काळजीला काय, ती सवयी विचारून येत नाही.

नवीन कठडा तारांचा करायचा, ही जावईबापूंची सूचना. तार म्हणजे स्टीलची दोरी हो, सुतळीएवढी जाड, अनेक बारीक तारा वळून केलेली. ती एका टोकाच्या खांबापासून दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत ताणून बसवायची, मधल्या खांबांना भोकं पाडून त्यातून ओवायची. एकीवर एक अशा तारा, वर हात ठेवायला लाकडी फळी. समोरची झाडंबिडं दिसतात, वाराही येतो. मी म्हटलं, खांबांना भोकं पाडायची, त्यातून दोरी ओवायची आणि शेवटी आवळायची, याला काय कारागीर लागतो? चाळीस वर्षं मी लोकांच्या पायजम्यांत नाड्या ओवल्या. मीच बसवते. (इथे आमच्या ह्यांनी डोळे वर केले. त्यांनी चाळीस वर्षं टपालात पत्रं वेगळी केली, त्यांना नाडी घालायला सेफ्टी पिन लागते.)

हार्डवेअरवाल्याने सामानाबरोबर एक कागद दिला. तीन इंचांवर एक तार, अशा अकरा तारा. अमुक आधी, तमुक नंतर. छपाई इतकी बारीक की मुंग्यांनी वाचावी. म्हणून वाचायचं काम ह्यांच्याकडे दिलं. आणि तिथेच पहिल्यांदा घोड्याने पेंड खाल्ली. कारण या माणसाने जन्मभर पाकिटं वाचली. पाकिटावर वरचं नाव वाचायचं आणि खालचं गाव वाचायचं, मधल्या ओळींशी टपालाचा संबंध नसतो. तो कागदही त्यांनी तसाच वाचला. वरची ओळ मोठ्याने वाचली, "खांब मजबूत असल्याची खात्री करा." खालची ओळ मोठ्याने वाचली, "कामाचा आनंद घ्या." मधे बावीस ओळी होत्या. मी विचारलं, मधे काय आहे? म्हणाले, "मधे तपशील आहे."

मग मी मापं घेतली. माझी टेप जुनी, धंद्यातली, आकडे पार पुसट झालेले. पण हाताला माप असतं, विहीणबाई, डोळ्यांनी मोजतो तो शिकाऊ. पाचही खांबांवर खडूने खुणा केल्या आणि ड्रिलने भोकं पाडली. एका खांबाला दहा, म्हणजे पन्नास भोकं. दुपारी ऊन अगदी डोळ्यांवर येतं तिथे, त्यामुळे पाचसहा भोकं तिरकी गेली, एक तर एका बाजूने शिरलं आणि भलतीकडूनच बाहेर आलं. ह्यांनी त्यात बोट घालून पाहिलं आणि "अरे वा" म्हणाले. कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं, खांबाला कसलं ठिगळ.

तारा ओवण्याचं काम मात्र मला जमलं. तारेचं वेटोळं बाजूने ओढलं तर तिला पीळ पडतो आणि मग तो काही केल्या जात नाही. ते दोऱ्याच्या रिळासारखं फिरवत फिरवत सोडावं लागतं. हे मला कुणी सांगायला नको होतं. ह्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी पहिली तार ओढली ती ओट्यावर उसळली, पाणी घालायच्या झारीला लपेटून बसली, आणि ती सोडवताना तारेचं उसवलेलं टोक माझ्या दोन बोटांत गेलं. (पट्टीचं कारण हे. आपण विचारलंच असतं.) कापण्याआधी टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची असते, ते मधल्या बावीस ओळींत होतं. टोक भोकात जाता जात नव्हतं, भोकंच बारीक पडली होती बहुधा. एकेका तारेला पाऊण तास लागला. पण ओवल्या. दहा ओवल्या, आणि अकरावी उरली! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शिंप्याकडे कापड उरलं की ती त्याची हुशारी समजली जाते. मी ती उरलेली तार नीट गुंडाळून कपाटात ठेवली आणि ह्यांना म्हटलं, बघा, काटकसर याला म्हणतात. जास्त हसू नये माणसाने, हेच खरं.

मग ताण द्यायचा. एका टोकाच्या खांबाला प्रत्येक तारेला एक स्क्रू असतो, तो पान्याने फिरवला की तार आवळते. मी वरून सुरुवात केली. पहिली आवळली, टणक झाली. दुसरी आवळली, टणक झाली, पण पहिली थोडी सैल. तिसरी आवळली, तर पहिल्या दोन्ही सैल. पाचव्या तारेला आले तोवर वरच्या चारांवर ओले कपडे वाळत घालता आले असते. परत वरून सुरुवात. परत तेच. असं करता करता दहाही तारा आवळल्या, आणि मागे सरून पाहते तो काय, दोन्ही टोकांचे खांब आत वाकलेले! दोन म्हातारे एकमेकांच्या कानात काहीतरी सांगायला वाकतात तसे. दहा तारांचा मिळून ओढा एका मोटारीच्या वजनाइतका होतो म्हणे. म्हणे म्हणजे हेही मधल्या ओळींत होतं. मी त्या खांबांकडे बघत बसले आणि मनात आलं, आता हे मोडणार, तारा सुटणार, रविवारी लेक येणार, ओटा बघणार, आणि एक शब्दही न बोलता ठकूची दुधाची बाटली परत पिशवीत भरणार. ती बोलत नाही हो. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. हा माणूस मोजकंच बोलतो. त्याने खांब पाहिले, तारा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "वरची फळी कुठंय?" फळी भिंतीला टेकून उभी होती, शेवटी बसवायची म्हणून. ती आधी बसवायची असते. ती खांबांना वरून एकमेकांपासून लांब धरून ठेवते, मग ताण दिला तरी खांब आत येत नाहीत. आणि ताण वरून नाही द्यायचा, मधल्या तारेपासून सुरुवात करायची, मग एक वरची, एक खालची, असं थोडं थोडं करत जायचं. आमचे हे इतक्यात कागद घेऊन आले आणि म्हणाले, "अगदी बरोबर, इथे लिहिलंच आहे, सातवी आणि नववी ओळ." मी सुताराच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं. पण ती त्याची होती.

सगळ्या तारा सैल केल्या, खांब सरळ झाले, सुताराने फळी बसवून दिली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मी मधल्या तारेपासून पुन्हा ताण दिला. या वेळी सगळं नीट झालं. तारेवर टिचकी मारली की टण्ण वाजायचं. आता राहिली परीक्षा. कागदावर (या वेळी ह्यांना एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लावलं) असं होतं की चार इंचांचा चेंडू कुठल्याही दोन तारांमधून ढकलला तरी पलीकडे जाता कामा नये, म्हणजे मग मुलाचं डोकं जात नाही. चार इंचांचा चेंडू कुठे मिळतो? मी शिवला. कोटाच्या आतलं जाड कापड घेतलं, सहा पाकळ्या कापल्या, चिंध्या ठासून ठासून भरल्या, इतक्या की तो दगडासारखा झाला. प्रत्येक दोन तारांमधे तो दाबून पाहिला. मी दाबला, ह्यांनी दाबला, ह्यांनी तर खांद्याने रेटला. नाही गेला! एकाही ठिकाणी नाही गेला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली. ह्यांना मी स्वतः होऊन दुसरा चहा दिला, आणि तुम्हाला फोन करून सहज सांगावं म्हणून दोनदा फोन हातातही घेतला. बरं झालं केला नाही.

कारण संध्याकाळी सुतार त्याची विसरलेली करवत न्यायला आला. जाता जाता त्याने पिशवीतून एक लाकडी ठोकळा काढला. बरोबर चार इंचांचा, असले ठोकळे ते लोक जवळ बाळगतात. मी कौतुकाने म्हटलं, बघा बघा, आम्ही पाहिलंय सगळं. त्याने तो मधल्या दोन तारांवर ठेवला आणि तळव्याने जरासा ढकलला. ठोकळा पलीकडे गेला. नुसता गेला नाही, साडेआठ फूट खाली दगडावर आपटला आणि गडगडत उताराने खाली गेला. मी तिथेच खाली बसले. सुतार म्हणाला, "बसा बसा, लाकडाचा आहे, काही होत नाही त्याला."

झालं होतं असं. आमच्या धंद्यात मापापेक्षा अर्धा इंच मोकळं धरायचं असतं. माणूस श्वास घेतो, बसतो, जेवतो. नेमक्या मापाचा कपडा कुणाला होत नाही. ती सवय हाताला इतकी की तीन इंच म्हणून खूण केली ती साडेतीनावर पडली. म्हणूनच तर अकरावी तार उरली. आणि चेंडू? चेंडूही त्याच हाताने शिवला, तो चाराच्या जागी साडेचार झाला. म्हणजे चूक चुकीने तपासली आणि दोघी एकमेकींना पास करून मोकळ्या झाल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगण मीच वाकडं करून ठेवलं होतं. सुतार पन्नास भोकांकडे बघून म्हणाला, "खांब बदलावे लागतील." रविवार पाच दिवसांवर. मला रडूच आलं, विहीणबाई. सांगायला लाज वाटते, पण परक्या माणसासमोर पदर डोळ्यांना लावला.

पण रडताना समोर आमचे हे उभे होते, आणि त्यांचा शर्ट. पोट सुटल्यामुळे दोन बटणांच्या मधे शर्ट फाकतो आणि बनियन डोकावतो. असे शर्ट मी आयुष्यात शेकड्याने दुरुस्त केले. तिथे शर्ट बदलत नाहीत, मधे एक बटण वाढवतात. मी उठले आणि सुताराला म्हटलं, तारा लांब लांब आहेत म्हणून फाकत नाहीत, मधे त्यांना धरणारं कुणी नाही म्हणून फाकतात. प्रत्येक दोन खांबांच्या मधोमध एक उभी पट्टी द्या, तिला दहा खाचा, खाचेत तार. सुतार बराच वेळ तारा दाबून बघत राहिला. मग म्हणाला, "चालेल." त्याने चार पट्ट्या उभ्या चिरल्या, खाचा पाडल्या, तारा मधे धरून दोन्ही भाग स्क्रूने आवळले. मग तो ठोकळा उतारावरून शोधून आणून अठ्ठ्याऐंशी ठिकाणी दाबून पाहिला. मी मोजत होते. एकाही ठिकाणी गेला नाही, आणि या वेळी ठोकळा सुताराचा होता.

आता फक्त एवढंच की काल आमच्या ह्यांनी, रविवारी चकाकावं म्हणून, सगळ्या तारा भांड्यांच्या लोखंडी घासणीने घासल्या. आज त्यांवर तांबूस ठिपके आलेत. स्टीलला गंज नसतो, हा गंज त्या घासणीचा. लिंबू आणि मऊ ब्रशने जातो म्हणे. हे सकाळपासून घासत बसलेत, सातव्या तारेवर आलेत. तेव्हा काळजी नसावी. कठडा पक्का आहे, ओटा पास होणार यात शंका नाही, आणि आपण रविवारी मुद्दाम येण्याची दगदग अजिबात करू नये. गुडघे सांभाळा. व्याहीबुवांना नमस्कार.

आपली नम्र,
ठकूची आजी (आईच्या बाजूची)

ता. क. ठकूसाठी फ्रॉक शिवला आहे, तो वेगळ्या पुडक्याने पाठवते आहे. मागची बटणं थोडी खालीवर झालीत. हल्ली तशी फॅशन आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. विहीणबाई, बटणांची फॅशनबिशन काही नाही. मला दिसत नाही हो. वर जे अर्ध्या इंचाच्या सवयीचं लिहिलंय ते मी सुताराला सांगितलं, ह्यांनाही सांगितलं, आणि तुम्हालाही तेच लिहून बसले. टेपवरचे आकडे पुसट नाहीत, ह्यांना लांबून दिसतात. तो कागदही नेहमीच्याच छपाईचा आहे. मी अंदाजाने खुणा केल्या, अंदाजाने भोकं पाडली. दोन वर्षं झाली. घरात सुया हे ओवून ठेवतात, रोज सकाळी दहा. रिकामटेकड्या माणसाला काम दिलंय, असं मी सांगते. आणि जुना कठडा कुजलेला नव्हता. दीड महिन्यापूर्वी लेक ठकूला दोन तास माझ्याकडे ठेवून गेली होती. हे त्या दिवशी भावाकडे गेले होते, सुया संपलेल्या. मी ओट्यावर ठकूला शेजारी बसवून सुई ओवत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मान वर केली तर शेजारी ठकू नाही. ती पट्ट्यांच्या मधून खांद्यापर्यंत बाहेर गेली होती. मला ती दिसली नाही, फ्रॉकचा लाल रंग तेवढा दिसला, तो धरून ओढला. तिला काही झालं नाही. ती हसली. मी कुणाला सांगितलं नाही. कठड्याला दोष दिला, आणि तीन आठवडे तो कठडा बांधत बसले, की तो पक्का झाला म्हणजे झालं. पण काल ठोकळा अठ्ठ्याऐंशी ठिकाणी अडला तेव्हा सगळे खूश झाले आणि माझ्या लक्षात आलं की घरात जिनाही आहे, गॅसही आहे, बाथरूममधे बादली आहे. प्रत्येकाला कुठून तारा लावू?

म्हणून लिहिते. सोमवारपासून ठकूला तुमच्याकडे घ्या. आणि मला तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चला, एकटी मी जायची नाही, मला भीती वाटते. शनिवारी संध्याकाळी फोन करून फक्त "हो" म्हणा. लेकीला मी स्वतः सांगेन, रविवारी. मात्र कठडा बघून झाल्यावर. आधी तिला कठडा बघू दे, तेवढं मला करू द्या.

ता. क. तिसरा. ठकूला झोपताना पाठीवर थोपटायचं नाही, उजव्या कानामागे हळू खाजवायचं. दूध कोमट नको, कोमटाहून थोडं गार. ती "बा" म्हणते तेव्हा पाणी हवं असतं आणि "बाबा" म्हणते तेव्हाही पाणीच हवं असतं, तुमच्या चिरंजीवांना उगाच आनंद होतो. माझं ऑपरेशन, मग दुसऱ्या डोळ्याचं, म्हणजे दोनअडीच महिने तरी जातील, असं हे म्हणतात (ह्यांना आत्ताच सगळं सांगितलं). एवढं लहान मूल तेवढ्यात माणसाला विसरतं. म्हणून एक करा, दिवसातून एकदा तरी तिच्यासमोर माझं नाव काढा. चांगलंच बोललं पाहिजे असं नाही.